माल्टाच्या बंदरात साठी

आमच्या अमेरिकेतल्या कॅरी गावच्या घरात पाण्याच्या मुख्य नळाला एक चिठ्ठी बांधलेली आहे. ‘हा उजवीकडे फिरवला की सगळ्या घराचं पाणी बंद.’ अशीच एक घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसवर आहे, एक इंटरनेटच्या डब्यावर आणि एक गराजच्या दारावर. अक्षर माझ्या नवऱ्याचं. तो औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या कामात आहे. कागदावर सही नसेल तर काम झालंच नाही असं मानणाऱ्या लोकांमध्ये त्याची तीस वर्षं गेली. त्यामुळे चिठ्ठ्यांचं मला आधी काही वाटलं नाही. वाटलं, ऑफिसचं खूळ घरी आलंय. मग लक्षात आलं की या चिठ्ठ्या तो स्वतःसाठी लिहीत नव्हता. नळ कुठून बंद करायचा हे त्याला ठाऊकच होतं. ते मला ठाऊक नव्हतं.

त्याला एकोणसाठ पूर्ण झाली आणि साठावं लागलं, तेव्हापासूनची ही गोष्ट.

त्याचे वडील साठीला पाच महिने कमी असताना गेले. पाटबंधारे खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्याच्या पुढच्या जानेवारीत एका सकाळी दाढी करता करता खाली बसले, ते उठले नाहीत. आम्हाला तेव्हा अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हा तिसऱ्या दिवशी साताऱ्याला पोचला. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि दारात पाऊल टाकताना कुणीतरी म्हणालेलं त्याच्या कानावर पडलं, ‘साठीसुद्धा बघितली नाही बिचाऱ्यानं. वडलांचंही तेच.’ म्हणजे आजोबाही साठीच्या आत गेलेले. ते वाक्य त्यानं सामानात भरून इकडे आणलं, आणि सत्तावीस वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

साठावं लागल्यावर ते बाहेर पडलं. नवे बूट घ्यायचे तर म्हणाला, आहेत ते चालतील. दाताचं मोठं काम डेंटिस्टनं काढलं, तर म्हणाला, सप्टेंबरनंतर बघू. सप्टेंबरच्या शेवटी त्याचा वाढदिवस असतो. हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. गाडीत बसताना हा मला म्हणाला, बाबांचाही कार्डिओग्राम आदल्या आठवड्यात नॉर्मल होता. अशा माणसाला काय सांगणार?

पण बुटांचं आणि दातांचं मी चालवून घेतलं असतं. गोष्ट मुलीची होती.

आमची एकुलती एक मुलगी तिकडे पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिचा मित्र ओहायोचा. उंच, लाजाळू, कॅरममध्ये अगदीच कच्चा, आणि तरी दर सुट्टीत माझ्या नवऱ्याशी खेळून हरायला हौसेनं बसणारा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि जानेवारीत मुलीनं विचारलं की पुढच्या वर्षीचा मे महिना कसा वाटतो. हा म्हणाला, ‘बघू. सप्टेंबर होऊ दे.’ मार्चमध्ये तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मे महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं आणि मग तिनं विचारणंच बंद केलं. बापलेकीचं रविवारचं तासाभराचं बोलणं दहा मिनिटांवर आलं. हवा कशी आहे, पाऊस आहे का, गाडीची सर्व्हिसिंग केली का, संपलं.

एक दिवस तिनं मला एकटीला गाठून विचारलं, ‘आई, बाबाला तो आवडत नाही का? तो अमेरिकन आहे म्हणून? जस्ट टेल मी.’

मी म्हटलं, तसं काही नाही, तो कामात आहे. तिला ते पटलेलं नाही हे फोनवरूनही कळत होतं. मला खरं कारण माहीत होतं. तोंड मात्र बंद होतं, कारण या माणसानं मला शपथ घातली होती. मार्चमध्ये, वाणसामान घेऊन येताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना त्यानं एकदाच सगळं सांगितलं. समजा हॉल घेतला, पत्रिका गेल्या, तिकडून माणसं निघाली आणि मध्येच आपलं काही झालं, तर त्या पोरीच्या लग्नाला जन्मभर तो डाग राहील. त्यापेक्षा साठ पूर्ण होऊ देत, मग हवं ते करा. आणि तिला यातलं अक्षर सांगायचं नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, मी गाडी पुढे घेतली. माझा स्वभाव तापट आहे, एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मला रडूच आलं, आणि त्याचाही राग आला.

महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी विचारू लागल्या की षष्ट्यब्दी कधी करताय, भटजी कुणाला सांगितलेत. हा म्हणायचा, आधी साठ तर होऊ देत. तेव्हा मी ठरवलं की त्या दिवशी या माणसाला घड्याळाकडे बघत घरात बसू द्यायचं नाही. भूमध्य समुद्रातली बारा दिवसांची क्रूझ काढली. रोमजवळच्या बंदरातून निघायचं, नेपल्स, सिसिली, माल्टा करत अथेन्सला उतरायचं. वाढदिवस बरोबर माल्टाला येत होता. त्यानं सगळी माहितीपत्रकं वाचून एकच प्रश्न विचारला. कॅन्सल केलं तर कुठल्या तारखेपर्यंत करता येतं? मी माळ्यावरून बॅगा खाली काढल्या.

बॅगा मी भरल्या. मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे, शिवाय औक्षणाचं सामान. छोटं तबक, निरांजन, तुपात भिजवून डबीत घट्ट बसवलेल्या फुलवाती, काडेपेटी. चटणीला कुणी हात लावला नाही. काडेपेटी आणि फुलवाती मात्र जहाजावर चढतानाच ठेवून घेतल्या. जहाजावर ज्योत पेटवायला सक्त मनाई. निरांजन तेवढं परत दिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि छान आहे म्हणाल्या.

पहिले दोन दिवस बरे गेले. रोममध्ये त्यानं पाणी पिण्याची एवढी कारंजी बघून आनंद व्यक्त केला. पाटबंधारे खात्यातल्या माणसाचा मुलगा. उंच कमानींवरून शहरात पाणी कसं आणायचे हे तो मला उन्हात उभं करून समजावत राहिला आणि मी पाय दुखत असूनही ऐकून घेतलं. कितीतरी महिन्यांनी तो कशाबद्दल तरी मन लावून बोलत होता.

पाँपेईत पुन्हा बिघडलं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते गाव बघायला मी खरं तर फार उत्सुक होते. रस्त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या तशाच, एका बेकरीत दळायची दगडी जाती आणि भट्टी तशीच. आमची गाइड सांगत होती की माणसं आपापल्या कामात होती. आमच्याबरोबरचे लोक फोटो काढत होते. हा भट्टीसमोर उभा राहिला तो हलेना. म्हणाला, ‘उद्याचं पीठ भिजवून ठेवलं असेल गं कुणीतरी.’

माझा संयम सुटला. मी तिथेच, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बेकरीत, त्याला मराठीत झापलं. म्हटलं, भिजवलंच असेल. दुसरं काय करायचं होतं त्यांनी? डोंगर फुटेल म्हणून पीठ न भिजवता उपाशी बसायचं होतं? पुढे आणखीही बरंच बोलले. मुलीच्या मनात काय चाललंय ते तुला दिसत नाही का, तिला वाटतंय की बापाला जावई नको आहे, असंही म्हटलं. तो एवढंच म्हणाला की आता तीनच दिवस राहिलेत. त्याच्या आवाजात इतकी अजिजी होती की मीच खजील झाले. त्याला खरोखर भीती वाटत होती. मी वर्षभर त्याला खूळ म्हणत होते, हट्ट म्हणत होते. भीती म्हणून तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

माल्टाच्या बंदरात जहाज सकाळी शिरलं. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाचे तट, आणि मधून आमचं जहाज हळूहळू आत चाललेलं. आम्ही आमच्या खोलीच्या छोट्या गॅलरीत उभे राहून बघत होतो. मग मी त्याला खुर्चीवर बसवलं. निरांजनात वात नव्हती, तेव्हा फोनचा दिवा लावून फोन तबकात पालथा ठेवला, भोवती सुपारी, अंगठी, अक्षता मांडल्या आणि त्याला ओवाळलं. दिवा इतका प्रखर की त्यानं डोळे मिटून घेतले. मला हसू आवरेना. तो मात्र हात जोडून बसला होता, आणि नमस्कार कुणाला करायचा ते न कळून त्यानं मलाच केला.

त्याचा जन्म संध्याकाळी साडेसातचा. त्यानं हिशेब करून ठेवला होता की भारतातले साडेसात म्हणजे माल्टाचे चार. चार वाजता साठ पूर्ण. मला सांगितलं नव्हतं, पण बारा दिवसांच्या कार्यक्रमाच्या कागदावर त्या दिवसासमोर बारीक अक्षरात ‘४.००’ लिहिलेलं मी बघितलं होतं.

बंदरावरून व्हॅलेटा शहरात जायला तटाला लागून उंच लिफ्ट आहे. वर गेलं की एक बाग, कमानी, आणि कठड्यावरून सगळं बंदर दिसतं. त्या कठड्याच्या खाली जुन्या तोफा मांडून ठेवल्यात आणि दुपारी बाराला त्यातली एक उडवतात. ती बघायला गर्दी जमली होती. मी त्याला म्हटलं, कानावर हात ठेव. त्यानं ठेवले, तरी तोफ उडाली तेव्हा तो दचकून माझ्या खांद्याला धरून उभा राहिला आणि दुसरा हात त्यानं छातीवर ठेवला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. धूर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, ठीक आहे, काही नाही. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि तेवढ्यात फोन वाजला.

कराडहून त्याच्या आत्यांचा फोन. वडिलांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी, कान जरा कमी, बाकी सगळं शाबूत. दर वाढदिवसाला दुपारची झोप झाली की त्या फोन करतात. त्या मोठ्यानं बोलतात म्हणून यानं फोन हातभर लांब धरला आणि मलाही सगळं ऐकू येऊ लागलं. आशीर्वाद झाले, जेवणात काय आहे ते झालं, सून कशी आहे ते झालं. मग त्या म्हणाल्या, साठ झाली ना रे तुला?

हा म्हणाला, ‘होतील आता, चार तासांत. बाबांना साठी नाही बघायला मिळाली, आत्या.’

‘कोण म्हणतं?’ आत्या म्हणाल्या. ‘दादा बासष्टचा होऊन गेला.’

याला वाटलं, त्यांचं वय झालंय. त्यानं शांतपणे समजावलं की बाबांची जन्मतारीख एक जून, सर्व्हिस बुकात आहे, पेन्शनच्या कागदांवर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. त्यानं स्वतः ते सगळे कागद पाहिलेले. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एक जून तर त्या शाळेतल्या अर्ध्या पोरांची असेल. गुरुजी लिहायचे. गावात शाळा नव्हती, दादाला नऊ वर्षांचा झाल्यावर मामाच्या गावी नेऊन पहिलीत बसवला. एवढा घोडा पहिलीत कसा, म्हणून गुरुजींनी सहा लिहिलं. माझा जन्म तालुक्याच्या दवाखान्यातला, माझा कागद खरा आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो गेला तेव्हा मी पंचावन्न पूर्ण होते. तूच मोज.

त्यानं मोजलं. बोटांवर मोजलं, ज्या माणसाला वजाबाकीला सुद्धा तक्ता लागतो त्यानं. मग विचारलं की आजोबा? आत्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या वडलांचं वय त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, तुला कुणी सांगितलं?

‘मग कुणी बोललं कसं नाही?’ त्यानं विचारलं.

सरकारी नोकरी, आत्या म्हणाल्या. कुणी तक्रार केली असती तर? वहिनीनं आम्हा सगळ्यांना दम देऊन ठेवला होता. तो गेल्यावर तर तिच्या पेन्शनचे कागद व्हायचे होते, मग कोण तोंड उघडतंय? आणि नंतर कुणाला आठवणीनं सांगायचं राहून गेलं. त्यात काय सांगायचं, असंही वाटलं असेल. ‘पण त्याचा जन्म नागपंचमीचा, एवढं पक्कं. आदल्या दिवशी भावाचा उपवास करायचे ना मी, तेव्हा आई म्हणायची, तुझ्या भावाचा वाढदिवस पण उद्याच.’

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता हा सुटकेचा निःश्वास टाकेल. मी तर मनातल्या मनात आत्यांच्या पायाच पडले होते. पण एक शंकाही आली, की आता हा माणूस बासष्टवर बोट ठेवून बसेल आणि घरात आणखी दोन वर्षं चिठ्ठ्या लागतील. तसं झालं असतं तर मी त्याला त्या तटावरून खाली ढकललंच असतं.

त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, ‘म्हणजे बाबा साठ वर्षांचे झाले, त्या दिवशी ते ऑफिसला गेले असणार.’

मला चटकन कळलं नाही. तो सांगू लागला. कागदावर ते तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. नोकरीत होते. कुणी त्यांची शांत केली नाही, कुणी हार घातला नाही, मुलगा घरात असून मुलाला माहीत नाही. स्वतःला तेवढं माहीत. सकाळी डबा घेऊन निघाले असतील, कालव्याचे नकाशे बघून संध्याकाळी परत आले असतील. वर्षभर तो स्वतःच्या मरणाबद्दल इतक्या वेळा बोलला होता, पण डोळ्यांत पाणी आलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि ते वडिलांच्या वाढदिवसासाठी.

मग मध्येच तो थांबला.

‘नागपंचमीला आमच्याकडे दिंडं असायची,’ तो म्हणाला. पुरणाची, उकडलेली, वर तुपाची धार. सगळ्यांना दोन-दोन. बाबांच्या पानात आई तीन वाढायची. हा लहानपणी भांडायचा, त्यांना तीन का म्हणून. आई म्हणायची, आज त्यांचा मान. आणि वाढायच्या आधी नागाच्या चित्राची पूजा झाली की त्याच कुंकवाचं बोट ती बाबांच्या कपाळाला लावायची. फक्त बाबांच्या. याला वाटायचं, सणाची रीत असेल. मोठा झाल्यावर इतर घरांत तशी रीत दिसली नाही, तेव्हा वाटलं, आपल्याकडचीच असेल.

‘आईला माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘ती दर वर्षी करत होती.’

मी त्याचा हात धरला. माझ्या सासूबाई कडक होत्या, माझं त्यांच्याशी फारसं जमलं नाही. पण त्या दिवशी, परक्या देशातल्या त्या बाकावर, मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. सगळ्या जगासमोर, पोटच्या पोरासमोरही, कुणाच्या लक्षात न येता एका माणसाचा वाढदिवस तीस-पस्तीस वर्षं करत राहायचं, हे मला जमलं नसतं. मी मंडळभर सांगितलं असतं.

नंतर आम्ही गावात हिंडलो. उताराच्या रस्त्यांवर रंगीत लाकडी सज्जे होते, ते बघितले. एका मोठ्या चर्चमध्ये गेलो, तिथली सगळी फरशी म्हणजे सरदारांच्या रंगीबेरंगी दगडी समाध्या, त्यावरून लोक चालत होते. मला धास्ती वाटली की आता पुन्हा पाँपेई होणार. पण हा वाकून तारखा वाचत होता आणि म्हणत होता की यातल्या किती खऱ्या असतील कोण जाणे. बाहेर येऊन आम्ही मटारचं सारण भरलेले गरम खारे पदार्थ खाल्ले, करंजीसारखे दिसतात, आणि त्यानं आणखी एक मागितला. चार कधी वाजून गेले ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी जहाज निघायच्या आधी, फोनला अजून रेंज होती तेवढ्यात, त्यानं मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजत होते, ती बसमध्ये होती. तिनं हॅपी बर्थडे म्हटलं, फोटो छान आलेत म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे हवा कशी आहे ते विचारलं. यानं हवेचं सांगितलं नाही. म्हणाला, ‘तुझ्या लग्नाचं मी वर्षभर टाळतोय. त्याच्यामुळे नाही. तो मला फार आवडतो. मला भीती वाटत होती.’

मग त्यानं आजोबांचं सगळं सांगितलं. कसली भीती, का, कधीपासून. शेवटी ती म्हणाली, ‘बाबा, यू कुड हॅव टोल्ड मी.’ मग मराठीत म्हणाली, ‘मला वाटत होतं तू लग्नाला येणारच नाहीस.’

‘मलाही तेच वाटत होतं,’ तो म्हणाला.

मी पुढे होऊन पडद्यावर बघितलं, तर भर बसमध्ये मुलगी तळहातात तोंड लपवून रडत होती. यानं ती मान वर करेपर्यंत वाट बघितली. मग खिशातून फोडलेल्या पाकिटाचा कागद काढला, त्यावर त्यानं चर्चबाहेर बसून काहीतरी लिहिलं होतं, आणि चष्मा लावून तिला पुढच्या मे महिन्यातले चारही शनिवार एकेक करून वाचून दाखवले.